गॅरेजमधली ऊब

चहा निवला तरी विषय कोणी काढेना.

थोरली कपाच्या कानात बोट अडकवून बसली होती. धाकटा खिडकीपाशी उभा राहून बाहेरच्या करड्या आभाळाकडे बघत होता. आणि आत्या, जिला बोलायला आजवर कधी निमित्त लागलं नव्हतं, तीसुद्धा बिस्किटाचा चुरा बोटाने बशीत गोळा करत होती. सून ओट्याला टेकून उभी होती. सकाळपासून तिचं डोकं ठणकत होतं, पण आज डोकं दुखतंय म्हणणं म्हणजे पळवाट काढल्यासारखं दिसलं असतं, म्हणून ती गप्प होती.

स्वयंपाकघरातून गॅरेजमध्ये जायचं दार बंद होतं. त्याच्या आडून रंध्याचा आवाज येत होता. सर्र… सर्र… मध्येच तो थांबायचा. थांबला की चौघांच्या माना दाराकडे वळायच्या. पुन्हा सुरू झाला की चौघं श्वास सोडायचे.

"करवतीचं काय केलंस?" थोरलीने भावाला विचारलं.

"प्लग काढून ठेवलाय."

"काढलेला प्लग लावता येतो."

"ताई, अण्णा लहान मूल नाहीत."

"लहान मूल असते तर बरं झालं असतं. मूल दिवसेंदिवस शहाणं होतं."

आत्याने बशीवरून मान वर केली. "हे बोलणं जरा जास्त झालं हं."

"मग कमी करून सांगा तुम्ही. मंगळवारी काय झालं ते ऐकलंत ना हिच्याकडून?"

सगळ्यांनी सुनेकडे बघितलं. तिने ते पुन्हा सांगितलं नाही, पण तिच्या डोळ्यांपुढे ते जसंच्या तसं उभं राहिलं. ती चहा घेऊन आत गेली होती. टेबलाच्या मधोमध करवतीचं गोल पातं गरगरत होतं आणि त्याच्यासमोर अण्णा नुसते उभे होते. हातात लाकूड नाही, काही नाही. रिकामा पंजा पात्याकडे धरलेला, जणू पाण्यात हात घालून ते किती गरम आहे बघायचंय. "अण्णा," ती म्हणाली. त्यांनी ऐकलं नाही. ती ओरडली नाही, कारण दचकून हात पुढे गेला तर? तिने मागून जाऊन बटण दाबलं. पातं थांबल्यावर अण्णांनी तिच्याकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "तू कोणाची ग?"

सहा वर्षं एका घरात राहिल्यावर!

त्याच संध्याकाळी तिने थोरलीला फोन केला होता. नवऱ्याला न विचारता. त्याचा राग धाकट्याच्या पाठमोऱ्या खांद्यांत अजून दिसत होता.

"माझं म्हणणं एवढंच आहे," थोरलीने कप बाजूला सारला. "करवत विकून टाका. गॅरेजला कुलूप घाला. आणि अण्णांना अशा ठिकाणी ठेवू, जिथे चोवीस तास लक्ष द्यायला माणसं असतात. मी एक जागा बघून आलेय."

"बघूनही आलीस?" धाकटा वळला.

"कोणीतरी बघायला हवी होती."

"गॅरेज काढून घेतलंस तर ते चार दिवस जगणार नाहीत."

"आणि ठेवलं तर बोटांनिशी जगतील का?"

त्या गॅरेजवर धाकट्याचा जीव होता. अण्णांनी आयुष्यभर फर्निचरच्या कारखान्यात दुसऱ्यांच्या घरची कपाटं, टेबलं, खुर्च्या केल्या. निवृत्त झाल्यावर स्वतःच्या मनासारखं काम करायचं म्हणून त्यांनी गॅरेज झाडून घेतलं. पण तिथे थंडी अशी, की गोंद धरेना. हवेतला ओलावा पिऊन फळ्या फुगायच्या आणि जुळवलेले सांधे पुन्हा उकलायचे. "लाकूड रुसलंय," अण्णा म्हणायचे आणि हिरमुसून आत यायचे. धाकटा रंगाच्या दुकानात मॅनेजर होता. सामान हाताशी होतं आणि उत्साहही. मागच्या शरदात त्याने एकेक सुट्टी खर्ची घातली. भिंतींना फोमचे जाड पत्रे लावले, वरून बोर्ड ठोकले. शटरच्या कडेने रबराची पट्टी बसवली. छताजवळची जाळी बुजवली. फटी शोधायला मेणबत्ती फिरवली आणि जिथे जिथे ज्योत हलली, तिथे तिथे फुगणारा फोम मारला. ओलावा शोषणारं यंत्र कोपऱ्यात ठेवलं, भिंतीवर आर्द्रता दाखवणारी काट्याची तबकडी टांगली. विजेचा हीटर आणि करवत एकदम लावले की घराचा फ्यूज उडायचा, म्हणून दुकानाच्या गोदामात पडलेला जुना गॅसचा हीटर आणला. पहिल्या दिवशी अण्णांनी आत येऊन शर्टाच्या बाह्या वर केल्या, भिंतीवर तळवा टेकला आणि म्हणाले, "तुझ्या आईच्या स्वयंपाकघरातसुद्धा एवढी ऊब नव्हती."

वडिलांच्या तोंडून असं कौतुक धाकट्याने आयुष्यात दुसऱ्यांदा ऐकलं होतं. पहिलं कधी ते त्यालाही आठवत नव्हतं.

"माझ्याकडे आठवडाभर होते तेव्हा अगदी ठणठणीत होते," थोरली म्हणाली. "शब्दकोडी सोडवत होते, शेजाऱ्यांची नावं पाठ होती. इथे परत आले आणि पुन्हा तेच. याचा अर्थ काय समजायचा मी?"

"काय समजायचा? स्पष्ट बोल," धाकट्याचा आवाज चढला.

"इथे त्यांच्याशी कोणी बोलत नाही. दिवसभर त्या खोक्यात एकटे. माणूस भ्रमिष्ट होईल नाही तर काय?"

जिने फोन करून हिला बोलावलं, त्या सुनेवरच हे आलं होतं. "ताई, मी घरी असले की जाऊन बसते त्यांच्यापाशी. शिवणकाम घेऊन."

"पुरे!" आत्या उठली. "तुम्ही इथे एकमेकांची उणीदुणी काढा. मी दादाशी बोलते. तो माझा भाऊ आहे, तुमचा नुसता बाप."

"काय बोलणार तुम्ही?" थोरलीने विचारलं.

"तुझंच म्हणणं सांगणार. माझ्या तोंडून ऐकलं तर कमी लागेल त्याला." आत्याने चष्मा पुसला. "बरोबर आहे तुझं. कटू आहे, पण बरोबर आहे."

धाकट्याने खिडकीची चौकट घट्ट धरली. आता तो एकटा पडला होता.

*

अण्णांना सगळं ऐकू येत होतं. "करवत विकून टाका" हे तर अगदी कानात बसून बोलल्यासारखं. त्यांनी रंधा ठेवला. बाकावरची जुनी घोंगडी उचलली, तिची गुंडाळी केली आणि दाराखालच्या फटीत पायाने दाबून बसवली. आवाज बंद झाला. हीटरच्या जाळीतल्या ज्योती आज निळ्याऐवजी पिवळसर दिसत होत्या, की डोळ्यांचाच दोष होता, त्यांना कळेना. आजकाल कशाचीच खात्री वाटत नव्हती.

ती जागा कशी असेल, याचा विचार त्यांनी करून ठेवला होता. त्यांच्या कारखान्यातला पॉलिशवाला शेवटी तसल्याच ठिकाणी गेला. अण्णा त्याला भेटायला गेले तेव्हा तो टेबलाच्या कडेवरून सारखा तळवा फिरवत होता, पॉलिश करत असल्यासारखा. अण्णा घरी आले आणि कोणाशी बोलले नाहीत. मरणाची भीती त्यांना फारशी नव्हती. त्या तळव्याची होती.

दार ढकलत, घोंगडी रेटत आत्या आत आली.

"हे काय लावलंयस दाराला?"

"तुमची सभा ऐकू येत होती."

"मग बरं झालं, मला सांगायचे कष्ट वाचले." तिने पायाने घोंगडी पुन्हा जागेवर सारली आणि स्टुलावर बसली. "किती छान ऊब आहे रे इथे. हे काय करतोयस?"

"खुर्ची."

"पाय तीनच दिसतात."

"चौथा केलाय. कुठे ठेवला, ते आठवत नाही."

दोघं हसली. लहानपणी जेवताना हसायची तशी, मोठ्यांना कळू न देता. मग अण्णांचं हसू मध्येच तुटलं.

"मला भीती वाटते ग," ते म्हणाले. "काल तिचा चेहरा आठवेना. चाळीस वर्षांचा संसार, आणि चेहरा आठवेना. मी फोटोपाशी जाऊन उभा राहिलो. ही बाई बरी दिसते, असं वाटलं."

भावाला घाबरलेलं आत्याने आजवर पाहिलं नव्हतं. वडील गेले तेव्हाही नाही. तिने पुढे होऊन त्याचा हात धरला. थोरलीचं म्हणणं तिच्या जिभेवर तयार होतं, ते तिने गिळून टाकलं.

"कुठे जायचं नाही तू," ती म्हणाली. "मी बघते कोण नेतं ते. मी येऊन राहीन इथे."

"तू? तुला माझं घोरणं सहन होत नाही."

"कानात कापूस घालीन."

मग ती दोघं जुन्या गोष्टी बोलत बसली. अण्णांना अधूनमधून शब्द सापडत नव्हते. थोड्या वेळाने आत्यालाही सापडेनासे झाले. पण ऊब होती, लाकडाचा वास होता आणि झापड येत होती, म्हणून ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

*

दार उघडलं तेव्हा थोरली टेबल पुसत होती. आत्या उंबऱ्यात उभी होती, एका हाताने चौकट धरून. तिच्या पाठीमागे दार बंद झालं आणि आतून कडी सरकल्याचा आवाज आला.

"काय म्हणाले?" थोरलीने विचारलं.

"मी इथे येऊन राहणार आहे."

"म्हणजे?"

"कानात कापूस घालीन." आत्या खुर्चीकडे आली, पण खुर्ची जिथे होती तिथे न बसता वीतभर बाजूला बसायला गेली. धाकट्याने झेप घेऊन तिला सावरलं. "मी इथे येऊन राहणार आहे," ती म्हणाली. "कानात कापूस घालीन."

थोरलीने कपाळाला हात लावला. "छान! पाठवलं होतं काय सांगायला, आणि आल्या काय सांगत. तुम्हीही त्यांच्या पक्षात का?"

आत्या तिच्याकडे बघत राहिली. मग तिने ओठ हलवले. "तू… तू कोणाची ग?"

सून ओटा सोडून पुढे आली.

आत्या म्हणजे घराण्याची स्मरणशक्ती. कोणाच्या लग्नात कोण रुसलं आणि कोणाच्या बाराव्या वर्षी कोणता दात पडला, हे तिला विचारावं. तासाभरापूर्वी ही बाई सगळ्यांना फैलावर घेत होती. थोरलीला वाटलं, अर्धांगाचा झटका. "आत्या, हात वर करा बघू. दोन्ही हात!"

"डोकं," आत्या म्हणाली. "डोकं फुटतंय."

सुनेच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. डोकं. तिचंही डोकं सकाळपासून ठणकत होतं. सकाळी ती शिवणकाम घेऊन गॅरेजमध्ये बसली होती. काल ती कामावर गेली होती, तेव्हा काही नव्हतं. परवा सुट्टी होती, ती आत बसली होती, आणि परवाही…

"ताई," ती हळूच म्हणाली, "अण्णा तुमच्याकडे होते तेव्हा घरात हीटर कोणता होता?"

"हे काय विचारतेस आत्ता? विजेचा."

सुनेने नवऱ्याकडे बघितलं. त्यानेही तिच्याकडे बघितलं. तिला पुढे काही बोलावं लागलं नाही. त्याचा चेहरा असा उतरला, की थोरलीलाही कळलं, काहीतरी भयंकर घडलंय आणि ते अजून घडतंय.

"रंध्याचा आवाज," धाकटा म्हणाला. "कधी थांबला?"

कोणालाच सांगता आलं नाही.

*

दाराला त्याने खांदा दिला. दार हललं नाही. अण्णांनीच केलेलं होतं ते, भरीव लाकडाचं, आणि कडीही त्यांनीच निवडून आणलेली. "अण्णा! अण्णा, दार उघडा!" आतून उत्तर आलं नाही. थोरली दोन्ही मुठींनी दार बडवू लागली. "अण्णा, मी आलेय, मी. उघडा ना! कोणी नेत नाही तुम्हाला कुठे!"

"शटर," सून म्हणाली. तिने खिडक्या उघडल्या होत्या आणि फोनवर ती रुग्णवाहिकेला पत्ता सांगत होती. "बाहेरून शटर!"

धाकटा मोजे घातलेल्या पायांनीच बाहेर धावला. थंडी तोंडावर थापडीसारखी बसली. शटरचं हँडल धरून त्याने वर ओढलं. ते बोटभर उचललं आणि अडलं. रबराची पट्टी, तिच्यावरून मारलेला फोम, तो दगडासारखा वाळलेला. वाऱ्याची एक झुळूक आत जाऊ नये म्हणून त्याने किती निगुतीने ते काम केलं होतं! शेवटच्या कोपऱ्यात फोमची नळी संपली, तर दुसरी आणायला तो मुद्दाम दुकानात गेला होता.

तो नखांनी फोम ओरबाडू लागला. तुकडे निघत होते, पण कणाकणाने. "काहीतरी दे! लोखंडी काहीतरी दे!" तो ओरडला. थोरली धावत आली, तिच्या हातात बागेतलं फावडं होतं. तिने ते त्याच्या हातात दिलं नाही. स्वतःच फटीत घुसवलं आणि अंगाचा सगळा भार त्यावर टाकला. रबर फाटलं. धाकट्याने हँडल ओढलं, थोरलीने फावडं रेटलं, आणि काहीतरी कडकडून तुटत शटर कमरेपर्यंत वर गेलं.

आतली ऊब त्यांच्या अंगावर आली. कसला वास नाही, धूर नाही. नुसती गोड ऊब.

अण्णा दारापाशी पडले होते, कडीकडे हात करून. उघडायला गेले होते की लावतानाच कोसळले होते, हे कधीच कळणार नव्हतं. त्यांचे गाल लालबुंद होते, खेळून आलेल्या मुलासारखे. धाकट्याने श्वास धरून आत वाकत सिलिंडर बंद केला. मग काखेत हात घालून दोघं बहीणभाऊ अण्णांना ओढू लागले. भुशावर त्यांच्या टाचांच्या दोन रेघा उमटत गेल्या.

बाहेर गारठलेल्या फरशीवर थोरलीने वडिलांच्या नाकापाशी गाल नेला.

"आहे का श्वास?" धाकट्याने विचारलं.

तिने दुसऱ्या कानावर हात ठेवला.

"ताई, आहे का?"

"गप्प बस ना! ऐकू दे!"

तो गप्प बसला. मग थोरलीने डोळे मिटले आणि मान हलवली. होता. अगदी बारीक, पण होता.

*

दवाखान्यात आत्याला बाहेरच्या कॉटवर ठेवलं होतं. ऑक्सिजनची नळी लावल्यावर थोड्याच वेळात ती भानावर आली आणि तिने सगळ्यात आधी नर्सला उशी बदलायला सांगितली. ते ऐकून सून भिंतीला टेकून रडली.

अण्णा आतल्या खोलीत होते. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा तिघं एकदम उठली.

"विषारी वायू रक्तात बराच गेलाय," त्या म्हणाल्या. "बंद जागेत गॅस नीट जळत नाही, त्यातून हा तयार होतो. वास नाही, रंग नाही. आजच्या दिवसाचं नाही हे, हिवाळाभर थोडा थोडा जात असणार. विसरणं, भ्रम, सगळं त्यामुळे असू शकतं. किती भरून निघेल ते आत्ता सांगता येणार नाही. अशा रुग्णात कधीकधी काही आठवड्यांनी पुन्हा त्रास उलटतो. लक्ष ठेवावं लागेल." मग त्यांनी विचारलं, "खोली अशी बंदिस्त केली कोणी?"

धाकट्याची नजर जमिनीकडे गेली. त्याच्या नखांतून रक्त आलं होतं आणि ते त्याला आत्ता दिसलं. थोरली काय बोलणार हे त्याला माहीत होतं. लहानपणापासून माहीत होतं. याने केलं. मी नव्हतेच तिथे.

"आम्ही," थोरली म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली. "एकेकाने आत जा. जास्त बोलायला लावू नका."

थोरलीने भावाच्या पाठीला हलकेच धक्का दिला. "तू जा आधी."

"मी नको."

"जा म्हणते ना."

अण्णांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा होता. त्यांचे डोळे उघडे होते, छतावर लागलेले. धाकटा कॉटच्या कडेला उभा राहिला. बसायचा धीर झाला नाही.

"अण्णा, मी आहे."

डोळे त्याच्याकडे वळले. ओळखलं की नाही, समजेना. तो वाट बघत राहिला. यंत्राची टिकटिक चालू होती.

"अण्णा, हे माझ्यामुळे झालं," तो म्हणाला, आणि एकदा तोंड उघडल्यावर थांबणं त्याच्या हातात राहिलं नाही. "मी सगळ्या फटी बुजवल्या. जाळीसुद्धा बुजवली. हवा यायला जागाच ठेवली नाही. आणि वर तो हीटर आणून दिला. त्यातला वायू तुमच्या डोक्यात जात होता, हिवाळाभर. तुम्ही विसरत होतात ते त्याने. तुमचं डोकं बिघडलं नव्हतं. मी… मी मारत होतो तुम्हाला."

अण्णांनी हात हलवला. सावकाश, जड. मुखवट्याच्या कडेला बोट नेऊन त्यांनी तो जरासा वर केला.

"माझं डोकं बिघडलं नव्हतं?"

"नाही, अण्णा."

"वायू होता?"

"हो. वायू होता."

म्हाताऱ्याच्या डोळ्यांच्या कोपऱ्यांतून पाणी निघालं आणि कानांकडे ओघळलं. त्यांची छाती हलायला लागली. धाकटा घाबरून दाराकडे वळला, कोणालातरी हाक मारायला. पण अण्णांनी त्याची बाही पकडली होती. पकड घट्ट होती. ते रडत होते की हसत होते, मुखवट्याआडून कळत नव्हतं.

"पुन्हा सांग," अण्णा म्हणाले.

ऐकायला गोड वाटलं म्हणून पुन्हा हवं होतं, की एवढ्यातच विसरले होते? त्यांच्या डोळ्यांत बघून सांगता येत नव्हतं. कदाचित पुढचे कित्येक दिवस सांगता येणार नव्हतं. तो कॉटवर बसला. आपला हात त्याने वडिलांच्या हातावर ठेवला आणि अगदी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.

"अण्णा, मी सगळ्या फटी बुजवल्या…"